स्वेटर काढा

थंडी पडून निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा पेपराच्या पहिल्या पानावर आला की माझ्या दवाखान्यात मुलं दिसेनाशी होतात. येतात भरपूर, पण दिसतात फक्त गाठोडी. कानटोपी, तिच्यावर रुमाल, आजीने विणलेला स्वेटर, त्याच्या आत मेन रोडवरून आणलेला दुसरा स्वेटर, त्याच्या आत झबलं, आणि या सगळ्याच्या आत कुठेतरी एक पेशंट.

दर गुरुवारी संध्याकाळी मेडिकलच्या फायनल इयरची दोन-तीन मुलं माझ्याकडे येऊन बसतात. नाशिकला पेठ नाक्याजवळ माझा दवाखाना आहे, दीड खोलीचा. शेजाऱ्यांच्या मुलीने एकदा विचारलं, "मावशी, मी बसू का तुमच्याकडे?" मग तिच्या मैत्रिणी, मग मैत्रिणींचे मित्र. मी काही शिकवत वगैरे नाही. पेशंट बघते, ती बघतात, शेवटचा पेशंट गेला की समोरच्या टपरीवरून चहा मागवतो आणि तेव्हा खरं बोलणं होतं.

तर डिसेंबरातला असाच एक गुरुवार. निफाडकडचं दहा महिन्यांचं बाळ, सोबत आई आणि आजी. तीन दिवस सर्दी, कालपासून ताप आणि खोकला. त्या दिवशी तीन मुलं होती. त्यातल्या एकाला आपण चष्मा म्हणू. हुशार आहे, कावासाकीसारख्या दुर्मिळ आजाराचे निकष झोपेतही सांगेल. त्याला म्हटलं, तू बघ. त्याने स्टेथोस्कोप काढला, बाळाच्या गळ्याकडून स्वेटरच्या आत सरकवला, पाच-सात सेकंद ऐकलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि स्वेटरकडे आळीपाळीने बघून म्हणाला, "मॅडम, रेस्पिरेटरी रेट छत्तीस. चेस्ट क्लिअर." म्हणजे मिनिटाला छत्तीस श्वास आणि छाती साफ.

मी आजींना म्हटलं, "स्वेटर काढा."

आजी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी बाळाला रामकुंडात बुडवायला सांगितलंय. पण काढला. मग दुसरा. मग झबलं वर केलं. दार लावलं, हीटर त्यांच्याकडे वळवला, बाळाला आईच्या मांडीवरच ठेवलं आणि सगळ्यांना सांगितलं, आता एक मिनिट कुणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं बघायचं.

अठ्ठावन्न.

चष्म्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण मला त्याला हसायचा अधिकार नाही. का, ते सांगते.

मी एमबीबीएस होऊन नुकतीच मुलांच्या वॉर्डात लागले होते. नाशिकबाहेरचं एक मोठं सरकारी रुग्णालय, नाव सांगत नाही. जानेवारीची रात्र, कॅज्युअल्टीत रांग. सात महिन्यांची एक मुलगी, घोंगडीत गुंडाळलेली. मी घोंगडीवरूनच पंधरा सेकंद मोजलं, चारने गुणलं, केसपेपरवर चाळीस लिहिलं आणि खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवलं. पंधरा सेकंदांत दोन श्वास चुकले तर मिनिटाला आठ चुकतात, हे गणित मला बारावीपासून येत होतं. त्या रात्री आठवलं नाही.

मुलीचा बाप तिला घेऊन दारापर्यंत गेला होता. तिथल्या नाइटच्या सिस्टरने त्याला थांबवलं, घोंगडी बाजूला केली आणि मला हाक मारली. "डॉक्टर, हिचं पोट उडतंय. परत बघा."

बहात्तर. प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची कड आत ओढली जात होती, तिथे बोट ठेवलं असतं तर रुतलं असतं. मुलीला ऑक्सिजन लागला, नऊ दिवस वॉर्डात राहिली, बरी होऊन गेली. सिस्टरने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. फक्त दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मला विचारलं, "घड्याळ चालू आहे ना तुमचं?"

तेव्हापासून मी पूर्ण मिनिट मोजते.

आकडे पाठ करायला सोपे आहेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 60 किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. दोन महिने ते एक वर्ष, 50. एक ते पाच वर्षं, 40. जागतिक आरोग्य संघटनेचे हे आकडे अंगणवाडीच्या भिंतीवरही लिहिता येतील इतके सुटसुटीत आहेत. अवघड आहे ते मोजणं. बाळ रडत असेल तर आकडा खोटा. दूध पीत असेल तरी खोटा. तापाने फणफणलेलं असेल तर आकडा चढलेला असतो, म्हणून ताप उतरल्यावर पुन्हा मोजायचं, मात्र बाळाला धाप लागलेली असेल तर ताप उतरायची वाट बघत बसायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा आकडा साठच्या वर आला की दुसऱ्यांदा मोजायचा, कारण तान्ही बाळं मध्येच श्वास धरतात आणि मग भराभर घेतात. सगळ्यात छान आकडा झोपलेल्या बाळाचा. म्हणून बाहेर बाकावर एखादं बाळ आईच्या खांद्यावर झोपलेलं दिसलं की मी नंबर मोडून आधी तिथे जाते. लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.

आणि छाती आत ओढली जाते का, हे श्वास आत घेताना बघायचं. आपण श्वास घेतो तेव्हा छाती आणि पोट दोन्ही बाहेर येतात. धाप लागलेल्या बाळाचं पोट बाहेर आणि छातीची खालची कड आत जाते. आया याला "पोट उडतंय" म्हणतात, आणि हे दोन शब्द ऐकले की विद्यार्थ्याने हातातलं सगळं ठेवून झबलं वर करावं. आईचं निदान चुकलेलं असू शकतं, निरीक्षण सहसा चुकत नाही.

उलट "छाती भरलीय, घरघर करते" हे ऐकून घाबरायचं कारण नाही. तुंबलेल्या नाकाचा आवाज छातीवर हात ठेवला तरी लागतो. नाकात मिठाच्या पाण्याचे दोन-दोन थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि परत ऐका. निम्म्या छात्या तिथेच साफ होतात. नाक मोकळं झाल्यावर बाळ दूध पितं आणि आईच्या चेहऱ्यावरून तीन दिवसांचा ताण उतरतो.

त्या निफाडच्या बाळाला छातीत उजव्या बाजूला खाली कुरकुर ऐकू येत होती, म्हणजे न्यूमोनिया. झबलं वर केल्यावर चष्म्यालाही आली. छाती आत ओढली जात नव्हती, दूध पीत होतं, रक्तातला ऑक्सिजन 96 टक्के. ऑक्सिजनचं यंत्र लावताना बाळाचा अंगठा आधी हातात धरून गरम करायचा, नाहीतर थंडीत भलतंच काहीतरी दाखवतं आणि तुम्ही उगाच अँब्युलन्स बोलावता. वजनानुसार अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक दिलं, कधी धावत यायचं ते सांगितलं, आणि शनिवारी परत बोलावलं.

मात्र थंडीतल्या प्रत्येक धापेला अँटिबायोटिक नाही, हेही तितकंच घोकायला हवं. दोन दिवस साधी सर्दी, तिसऱ्या दिवशी श्वासाला शिट्टी, दोन वर्षांच्या आतलं मूल, घरात मोठ्या भावाला सर्दी: हा बहुतेक वेळा ब्राँकिओलायटिस. विषाणूचा आजार. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वाईट आणि मग हळूहळू उतार. इथे अँटिबायोटिक काही करत नाही, वाफेच्या मशीनमधलं औषधही फारसं करत नाही. पण "मॅडम, एक मशीन लावाच" म्हणणाऱ्या बापाला हे पटवणं हे सलाईन लावण्यापेक्षा कठीण. तुम्ही करायचं ते इतकंच, की मूल पितंय का, ऑक्सिजन टिकतोय का, हे बघत राहायचं. आणि घरी पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ लहान मुलाला द्यायची नाही, हे प्रत्येकीला सांगायचं. दर हिवाळ्यात मी त्या पातेल्याने भाजलेलं एक तरी मूल बघते. भाजलेलं अंग खोकल्यापेक्षा फार जास्त दिवस घेतं.

खोकल्याच्या गोड औषधांबद्दल तर बोलायलाच नको. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने मुलांची मूत्रपिंडं गेली. त्यानंतर केंद्राने परत बजावलं की दोन वर्षांच्या आत ही औषधं देऊच नका आणि पाचच्या आत सहसा नकोत. मी तशीही देत नव्हते. वर्षाच्या पुढच्या मुलाला अर्धा चमचा मध, त्याच्या आत मधही नाही.

चहा आला की पहिला प्रश्न मी विचारते: आलेलं मूल आजारी आहे की फार आजारी, हे स्टेथोस्कोपशिवाय कसं ओळखाल? पुस्तकात चार धोक्याची लक्षणं असतात, पण ती इंग्रजीत असतात आणि पेशंटची आई मराठीत बोलते. पेठ-सुरगाण्याहून द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत उतरलेली आई तर वेगळंच बोलते, आणि सटाण्याकडची आली की मला माहेर भेटतं, मी थेट अहिराणीतल्या "काय व्हयनं व माय?" वर येते. म्हणून आधी प्रश्न नीट करून घ्या. पितंय का, की ओठाला लावलं तरी ओढत नाही? घेतलेलं सगळंच उलटून टाकतंय का? आकडी आली का? आणि चौथं, मलूल पडलंय का, नेहमीसारखं बघत नाही का? यातलं एक जरी लक्षण निघालं, तरी पुढची तपासणी हॉस्पिटलला पाठवायच्या तयारीसोबत करायची. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असेल किंवा अंग गार लागत असेल, तर तेवढंच पुरे. त्याला दवाखान्यात "उद्या बघू" नाही.

जुलाबांकडे येते. इथे मी थोडी लांबण लावणार, कारण सगळ्यात साधं औषध सगळ्यात जास्त चुकीचं दिलं जातं.

विद्यार्थ्यांना मी आधी बाळाच्या कातडीचा चिमटा काढायला लावते. दहातले आठ जण हाताच्या पाठीवर काढतात. जागा पोटावर, बेंबी आणि कुशीच्या बरोबर मधोमध. अंगठा आणि तर्जनीच्या पेराने, नखांनी नव्हे. घडी अंगाच्या लांबीच्या दिशेने उभी यायला हवी, आडवी नाही. एक सेकंद धरा, सोडा. लगेच बसली तर ठीक. हळू बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांच्या वर तशीच उभी राहिली तर फार कमी झालंय. पण गलेलठ्ठ बाळाची कातडी फसवते आणि कुपोषित बाळाची उलट्या बाजूने फसवते, त्यामुळे नुसत्या चिमट्यावर जायचं नाही. डोळे खोल गेलेत का ते आईला विचारा. तिने ते डोळे रोज बघितलेत, तुम्ही आज. आणि पाणी दाखवा. वाटीवर झडप घालणारं, चिडचिडं मूल तुमच्याकडे वेळ आहे असं सांगतं. वाटीकडे न बघणारं मूल वेळ संपत आल्याचं सांगतं.

झडप घालणाऱ्याला चार तासांत किलोमागे 75 मिली ओआरएस, म्हणजे पाकिटातल्या पावडरीचं साखर-मिठाचं पाणी. आठ किलोच्या मुलाला 600 मिली. हा आकडा ऐकून आई घाबरते, "एवढं कसं पिईल?" मग गणित पुढे न्या. चार तास म्हणजे 240 मिनिटं, म्हणजे मिनिटाला अडीच मिली, म्हणजे दर दोन मिनिटांना एक छोटा चमचा. आता आई घाबरत नाही, पदर खोचते. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि आणखी सावकाश सुरू करायचं. माझ्या बाहेरच्या बाकावर वाटी-चमच्याने कितीतरी सलाईनी टळल्या आहेत. जे पिऊच शकत नाही, त्याला मात्र शिरेतूनच, आणि लगेच.

पाकीट. मोठं पाकीट एक लिटरचं असतं, पूर्ण एका लिटरचं. मी मुलांना म्हणते, आईला विचारू नका "कळलं का?" ती हो म्हणणार. विचारा, "कसं बनवणार, सांगा बरं." मग कळतं, की पाव पाकीट पेल्यात टाकून उरलेलं रबर लावून ठेवायचा बेत आहे. पाव कुणी मोजलं? मीठ जास्त झालं तर ते औषध उलटतं. एकदा एका आईने मला सांगितलं, की पाकीट दुधात घातलं, पौष्टिक व्हावं म्हणून. तिला हसू नका. तुमच्या सिनिअरनेच तिला "ओआरएस द्या" एवढंच सांगितलेलं असतं.

आणि रंगीत खोकी. नावात ओआरएस, आत साखरेचं पाणी. 2025 च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला मनाई केली, त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंची अनेक वर्षांची झुंज होती. तरी आईला खोकं दाखवायला सांगा. जास्त साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

हे पाकीट आलं कुठून, हे एकालाही माहीत नसतं, म्हणून तेही सांगते. 1971 साली बांगलादेशातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली आणि नातेवाइकांनाच पेले भरभरून पाजायला सांगितलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्या खाली आले. ते 2022 साली गेले, पद्मविभूषण 2023 मध्ये, गेल्यावर मिळालं.

सोबत झिंक, 14 दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि बाटली फ्रिजवर चढते. म्हणून आजच सांगायचं, की शी घट्ट झाली तरी चौदा म्हणजे चौदा. दात येताहेत म्हणून जुलाब, असं आजी म्हणतील. वाद घालू नका. दात येवोत किंवा न येवोत, पाणी तेवढंच जातंय म्हणा.

तापात माझा एकच हट्ट आहे: चिठ्ठीवर नुसतं "पाच मिली" लिहिलेलं दिसलं तर चहा मिळणार नाही. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. दहा किलोच्या मुलाला 150 मिलिग्रॅम. आता फडताळात बघा. एका बाटलीत पाच मिलीत 120, दुसरीत 250, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलीत 100. म्हणजे तोच डोस एकीकडे सव्वासहा मिली, दुसरीकडे तीन आणि थेंबांचा दीड. थेंबांच्या बाटलीतून "पाच मिली" पाजलेलं बाळ मी पाहिलंय. मेडिकलवाल्याने बाटली बदलली होती, चिठ्ठी तीच होती.

तापात आकडी आली की घरातले कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, दातांत चमचा घालतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तापाची आकडी बरीच दिसते, आणि बहुतेक पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबते. तेवढ्यात कांदाही पोचतो आणि श्रेय त्याला जातं. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर नाकात आकडी थांबवणाऱ्या मिडाझोलामचा फवारा आणि हॉस्पिटल. बापाला मात्र त्या वेळी बसवून पाणी द्या. त्याने नुकतंच आपलं मूल गेलं असं समजून घेतलेलं असतं.

पावसाळा संपता संपता आमच्याकडे डेंग्यू सुरू होतो. तेव्हा उलटं बघायचं: ताप असताना नव्हे, ताप उतरल्यावर सावध व्हायचं. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप गेला, पण मूल खेळायला उठलं नाही, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतंय, तर धोका आत्ता सुरू झालाय. तापासाठी आयबुप्रोफेन नको. वडील प्लेटलेटचा आकडा विचारतील आणि पपईच्या पानांचा रस काढून आणतील. तुम्ही मात्र हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्त किती दाट झालंय, आणि लघवी किती वेळा झाली, हे विचारा.

गोवराला विसरू नका. 2022 च्या शेवटी मुंबई-भिवंडीसोबत आपल्या मालेगावातही तो उसळला, तेव्हा तरुण डॉक्टरांनी तो पुस्तकाबाहेर पहिल्यांदा पाहिला. ताप, लाल डोळे, वाहतं नाक, मग कानामागून उतरणारं पुरळ. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, आज आणि उद्या. वर्षाच्या वर दोन लाख युनिट, सहा महिने ते वर्ष एक लाख, त्याआधी पन्नास हजार. आणि घरातल्या बाकीच्या मुलांची लसीची कार्डं तिथल्या तिथे मागा.

शनिवारी निफाडची मंडळी परत आली. मी दार उघडून बघते तर आजींनी बाहेर बाकावरच दोन्ही स्वेटर काढून घडी घालून पिशवीत ठेवलेले. बाळ झबल्यात, शालीच्या आत, आजींच्या छातीशी झोपलेलं. "म्हटलं तुम्ही परत काढायला लावाल."

तिथेच बाकाशेजारी उकिडवी बसले आणि मोजलं. मग चष्म्याला व्हॉट्सॅपवर नुसतं लिहिलं: "44."

त्याचं उत्तर लगेच आलं. "पूर्ण मिनिट, मॅडम?"